बारा वर्षं पीसीओडी, आणि मग एक १७-ओएचपी

गेल्या आठवड्यात डब्याच्या वेळी ऑफिसमधल्या एका मुलीने विचारलं, ताई तू ते जेनेटिक टेस्टिंग केलंस ना, किती दिवस लागले गं? मी सांगायला बसले आणि डबा संपला, ताक संपलं, तरी मी जेमतेम मार्चपर्यंत पोचले होते. म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकतेय, बारा वर्षं पीसीओडी म्हटलेलं दुखणं शेवटी जीनमधला आजार कसं निघालं ते. मी सीए फर्ममध्ये अकाउंट्स बघते त्यामुळे प्रत्येक बिल, प्रत्येक तारीख फाईलला लावलेली आहे, आठवणीवर काही सोडलेलं नाही. डॉक्टर मी नाही, तेव्हा औषधांचे डोस माझ्यावरून कुणी ठरवू नका.

सुरुवात २०१२ ची. मी एकोणीस वर्षांची, साताऱ्याला. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही, हनुवटीवर जाड केस, पाठीवर पिंपल्स. सोनोग्राफी झाली, ओव्हरीत बारीक गाठींची माळ दिसली, पीसीओडी असं कागदावर लिहिलं गेलं आणि हातात एकवीस दिवसांच्या गोळ्या. सोबत सल्ला, वजन कमी कर. माझं वजन तेव्हा ४९ किलो होतं. कुठलं कमी करू तेच कळेना. पण तो शब्द एकदा चिकटला की चिकटला, त्यानंतर मी ज्या ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांना मीच आधी सांगायचे की मला पीसीओडी आहे, आणि ते मान डोलावून पुढे लिहायचे. चूक त्यांची एकट्यांची नाही, मीच उत्तर सांगून प्रश्न बंद करत होते.

डिसेंबर २०२१ मध्ये लग्न, पुण्यात धायरीला आलो, २०२२ च्या शेवटी गोळ्या बंद केल्या. २०२३ भर मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी, पीसीओडीतही देतात), मग बीज तयार व्हायच्या गोळ्यांच्या चार सायकल. दोनदा बीज तयारच झालं नाही, दोनदा झालं पण पुढे काही नाही. जानेवारी २०२४ मध्ये गायनॅक मॅडमनी पहिल्यांदाच सगळे पुरुषी हार्मोन्स एकत्र तपासले, ४,३०० रुपये. टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आणि डीएचईए-एस पण वाढलेलं. डीएचईए-एस जवळजवळ सगळं अॅड्रिनल ग्रंथीतून येतं, म्हणजे किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या त्या दोन ग्रंथी. मॅडम म्हणाल्या, हे मला फक्त ओव्हरीचं वाटत नाहीये, तू एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांना दाखव. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन.

अपॉइंटमेंट मिळाली तीन आठवड्यांनी, १२ फेब्रुवारीला, कर्वे रोडच्या एका क्लिनिकमध्ये. फी १,२००. वेळ साडेपाचची, आत गेले सव्वासातला, हे धरूनच चला, आणि सोबत काहीतरी खायला न्या. आत गेल्यावर मात्र डॉक्टरांनी पस्तीस मिनिटं दिली. रिपोर्ट बाजूला ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, तिसरीत तू वर्गात कुठल्या रांगेत बसायचीस?

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण खरं सांगायचं तर तिसरीत मी शेवटच्या रांगेत होते, वर्गात सगळ्यात उंच. आणि दहावीच्या ग्रुप फोटोत पुढे, खाली बसलेल्यांत. मधे उंची वाढायचीच थांबली होती. आई म्हणायची लवकर वाढली, लवकर थांबली, आमच्याकडे असंच असतं. मग डॉक्टरांनी विचारलं, खालचे केस कितव्या वर्षी आले? आईला फोन लावला. आई आधी लाजली, मग म्हणाली, सातवं सरलं नव्हतं, मी कुणाला बोलले नाही. डॉक्टर पेन ठेवून म्हणाले, बहुतेक हे पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) नसेल, पण बहुतेक वर मी औषध देत नाही.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. अॅड्रिनलमध्ये कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसोल बनतं, टप्प्याटप्प्याने. त्यातल्या एका टप्प्याला २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम लागतं. ते एन्झाइम बनवायची कृती ज्या जीनमध्ये आहे त्यात जन्मापासून बदल असला की एन्झाइम कमी काम करतं आणि त्याच्या आधीचा माल तुंबतो. तुंबलेला माल म्हणजे १७-ओएचपी. तेव्हा सिंहगड रोडला पुलाचं काम चालू होतं, तर डॉक्टर म्हणाले तुम्ही धायरीच्या ना, मग तुम्हाला वेगळं सांगायला नको, मेन रोड अडला की गाड्या काय घरी परत जात नाहीत, सोसायट्यांच्या गल्ल्यांत घुसतात. तसा हा माल शेजारच्या गल्लीत घुसतो आणि ती गल्ली पुरुषी हार्मोन बनवते. मग केस, पिंपल्स, पाळीचा गोंधळ, आणि सोनोग्राफीत ओव्हरी पण तशाच दिसतात. आजाराचं नाव लांबलचक, नॉन-क्लासिक कंजेनिटल अॅड्रिनल हायपरप्लेझिया. एनसीसीएएच म्हणतात. पुरुषी हार्मोन वाढलेल्या शंभर बायकांत साधारण चौघींना हे निघतं, बाकी बहुतेकींचं खरंच पीसीओएस असतं. आणि गंमत म्हणजे पीसीओएसचे जे निकष २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरले त्यातच लिहिलंय की आधी असे दुसरे आजार नाहीत ना हे बघा आणि मगच पीसीओएस म्हणा.

तपासणी साधी, एक रक्त. पण नियम कडक. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, आणि सकाळी आठच्या आत. कारण १७-ओएचपी पहाटे चढलेलं असतं आणि दिवसभरात उतरत जातं, आणि बीज फुटल्यानंतर ओव्हरी पण ते बनवते त्यामुळे विसाव्या दिवशी घेतलेल्या नमुन्याला अर्थ नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हार्मोन्स दबलेले दिसतात, तीन महिने बंद लागतात असं आमचे डॉक्टर म्हणाले, माझ्या कधीच्याच बंद होत्या म्हणून तेवढे महिने वाचले. आणि केसांसाठी ज्या बायोटिनच्या गोळ्या किंवा गमीज खातो ना आपण, त्या आधी बंद करायच्या, बायोटिनमुळे कित्येक हार्मोन टेस्टचे आकडे चुकतात. मी रोज दोन खात होते, केस गळतात म्हणून. केस ज्या कारणाने गळत होते त्याचीच टेस्ट त्या गमीजने बिघडली असती.

पाळी आपोआप येण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन आणवली. ३ मार्चला रविवारी आली. ५ तारखेला मंगळवारी सकाळी सातची होम कलेक्शनची वेळ घेतली होती. मुलगा आला दहा पन्नासला. फोनवर ‘मॅम ऑन द वे’ असं चार वेळा. मी ऑफिसला उशीर होईल या टेन्शनमध्ये रक्त देऊन मोकळी झाले, १,४५० रुपये. रिपोर्ट आला १.८, शेजारी नॉर्मल. नवरा खूश, मी खूश, सासूबाईंनी शिरा केला.

डॉक्टरांना फोनवर रिपोर्ट पाठवला तर त्यांच्या असिस्टंटचा एकच प्रश्न, सँपल किती वाजता? रिपोर्टवरच छापलेलं होतं, कलेक्शन टाइम १०:५२. परत करा. मी रडले, खोटं कशाला बोलू. महिनाभर परत वाट बघायची म्हणजे त्या दिवसांत फार मोठं वाटायचं. पण मी आता जिला तिला सांगते, या टेस्टसाठी होम कलेक्शनवर विसंबू नका, लॅबच्या दारात पावणेसातला जाऊन उभ्या राहा, आणि रिपोर्टवर कलेक्शनची वेळ बघितल्याशिवाय आकडा बघू नका.

दुसऱ्या वेळी पाळी १४ एप्रिलला. १६ ला सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी दुसऱ्या लॅबमध्ये, जिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीने करतात तिथे, २,२०० रुपये. ती पद्धत सारख्या दिसणाऱ्या हार्मोन्समध्ये गल्लत करत नाही म्हणून महाग. रिपोर्टला चार दिवस. ६४०. मला घेरीच यायची बाकी होती, आधी १.८ आणि आता ६४०! मग लक्षात आलं, युनिट वेगळं. पहिला नॅनोग्रॅम पर एमएल मध्ये, दुसरा नॅनोग्रॅम पर डेसिलिटर मध्ये. शंभराने भागायचं. म्हणजे ६.४. वर्षभर दुसऱ्यांच्या बॅलन्सशीटवर ‘रुपये लाखांत’ आहे की ‘हजारांत’ ते आधी बघणारी मी, स्वतःच्या रिपोर्टवर ते बघायला विसरले. सकाळचा आकडा २ च्या खाली असला तर सहसा हा आजार नाही, १० च्या वर असला तर जवळजवळ नक्की, आणि मधे असला तर पुढची टेस्ट. मी मधे. आणि पहिल्या वेळचा १.८ काठावरून सुटलेला, चार तास उशिराने.

२२ एप्रिलला डॉक्टर, ८०० रुपये, आणि एसीटीएच स्टिम्युलेशनची चिठ्ठी. यात मेंदूकडून अॅड्रिनलला जी ऑर्डर जाते तिचीच नक्कल इंजेक्शनने देतात, २५० मायक्रोग्रॅम, आणि आधी, अर्ध्या तासाने, एका तासाने रक्त घेतात. अडचण अशी की ते इंजेक्शन मेडिकलमध्ये असंच मिळत नाही. मी टिळक रोड, सदाशिव पेठ, डेक्कन, अकरा दुकानं फिरले, एका काकांनी तर मला नाव परत परत लिहायला लावलं आणि शेवटी म्हणाले हे इंजेक्शन आहे होय, मला वाटलं कंपनी आहे. ते हॉस्पिटलच मागवून ठेवतं, फ्रिजमध्ये असतं, आणि दोन-तीन पेशंट एकाच दिवशी बोलावतात. आधीच डे-केअरच्या सिस्टरांना विचारलं असतं तर माझी चप्पल वाचली असती.

२१ मे, पाळीचा चौथा दिवस. सकाळी पावणेआठला हाताला सुई लावून ठेवली म्हणजे परत परत टोचायला नको. सोबत दोघी होत्या, एक कॉलेजची मुलगी आईबरोबर, आणि एक माझ्याहून मोठ्या ताई चिंचवडहून पहाटे निघून आलेल्या. इंजेक्शननंतर तोंड जरा गरम झालं, बाकी काही नाही. तिघी एका ओळीत तीन खुर्च्यांवर बसून घड्याळाकडे बघत होतो, त्या ताई म्हणाल्या कुकरच्या शिट्ट्या मोजतोय असं वाटतंय. सगळं मिळून ११,२०० रुपये. एका तासाचा १७-ओएचपी १८.४ आला, नॅनोग्रॅम पर एमएल, यावेळी युनिट आधी बघितलं. कॉर्टिसोल मात्र १९.५, पुरेसं. म्हणजे शरीराला लागतं तेवढं कॉर्टिसोल बनतंय, फक्त बनवताना पसारा फार होतोय.

मेडिक्लेमचं विचारतात सगळे. नाही मिळालं. चोवीस तास अॅडमिट नाही, त्यांच्या डे-केअरच्या यादीत हे नाही, म्हणून ओपीडी, म्हणून नाही. जेनेटिक टेस्टला तर फॉर्मच घेतला नाही. इन्कम टॅक्सच्या ८०डी मधले प्रिव्हेंटिव्ह चेकअपचे ५,००० यात दाखवू का म्हणून सरांना विचारलं, सर चष्म्यावरून नुसते बघत राहिले.

३० मे ला डॉक्टरांनी निदान लिहून दिलं. मी विचारलं, मग जीन टेस्ट कशाला, कळलंच की. ते म्हणाले तुझ्या औषधासाठी नकोच आहे, तुझ्या बाळासाठी हवीय. हे मला तेव्हा नीट झेपलं नाही, जेनेटिक काउन्सेलरकडे गेल्यावर झेपलं. १४ जून, शुक्रवार, १,५०० रुपये, नवऱ्याला घेऊन.

जवळजवळ प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईची एक बाबांची. दोन्हीत बिघाड असला तरच हा आजार. एकच बिघडली असेल तर माणूस नुसता वाहक, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. आता बिघाडाचे पण प्रकार, सौम्य आणि तीव्र. माझ्यासारख्या सौम्य आजार असलेल्यांमध्ये पुष्कळ जणींची एक प्रत सौम्य आणि दुसरी तीव्र असते, सौम्य प्रत थोडंफार एन्झाइम बनवते म्हणून निभावतं. पण नवरा तीव्र बिघाडाचा वाहक निघाला, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला दोन्हीकडून तीव्र मिळेल. ते क्लासिक सीएएच. त्यात कॉर्टिसोल आणि बहुतेकदा शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन पण कमी पडतं, मग बाळ जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, सुकून जाणं, आणि कळलं नाही तर जीवावर बेततं. मुलगी असेल तर जन्मताच बाहेरून काहीतरी वेगळं दिसतं म्हणून डॉक्टर सावध होतात, मुलगा दिसायला अगदी व्यवस्थित असतो म्हणून सुटून जातो.

हे सांगता सांगता काउन्सेलर आमच्या घराण्याचा तक्ता काढत होत्या. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. नात्यात लग्न कुणाचं? मी म्हणाले आई-बाबांचं नाही, पण आईच्या आई-वडिलांचं आहे, आज्जी आपल्या आत्याच्याच घरी दिली. त्यांनी त्या दोघांमध्ये दोन रेघा मारल्या. आईला भावंडं किती? मी म्हणाले एक मामा. मग थांबले. कारण आमच्याकडे श्रावणात आज्जी एक नाव घ्यायची, दिगू, आईच्या आधी झालेला, बारसं झालं आणि आठवड्यात गेला. नजर लागली म्हणायचे. मी तिथूनच आईला फोन केला, आईने मामाला, मामाने आज्जीला विचारून उलट फोन केला. एकोणिसाव्या दिवशी. नुसत्या उलट्या. पोटात पाणी ठरेना, टाळू खोल गेली होती.

काउन्सेलरनी चौकोन काढला, त्यावर तिरकी रेघ मारली आणि शेजारी १९ दिवस लिहिलं. म्हणाल्या, आता साठ वर्षांनी खात्रीने काही म्हणता येणार नाही, त्या काळी हगवण-उलट्यांनी कितीतरी बाळं जायची. पण हे मी लिहून ठेवते. नवरा माझा हात धरून बसला होता, मला कळलंच नाही कधीपासून.

फॉर्मबद्दल थोडं, कारण इथेच माझे दिवस वाया गेले. रक्त जांभळ्या झाकणाच्या बाटलीत ३ मिली, नमुना बाहेरगावी जातो. संमतीपत्र सहा पानी, वाचा, घाई करू नका, उरलेला नमुना संशोधनासाठी वापरू का हा वेगळा चौकोन असतो आणि तिथे नाही म्हणता येतं. मला सांगितले २८ दिवस, १९,५०० रुपये. ही टेस्ट एवढी महाग आणि कटकटीची का, तर आपला जीन, सीवायपी२१ए२, सहाव्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या अगदी शेजारी त्याचाच एक निकामी जुळा बसलाय, ९८ टक्के सारखा. आमच्याकडे ‘जोशी अँड सन्स’ आणि ‘जोशी अँड सन’ अशी दोन लेजर आहेत, नवीन पोरं हमखास एकाची एंट्री दुसऱ्याला टाकतात, तसं साध्या सरसकट जीन पॅनेलमध्ये होऊ शकतं. म्हणून फक्त त्या जीनचा लांब तुकडा वेगळा काढून वाचावा लागतो, आणि कुठला भागच गायब आहे का हे बघायला एमएलपीए नावाची दुसरी चाचणी. पैसे भरायच्या आधी विचारा, यात एमएलपीए आहे का? सेल लागलाय म्हणून स्वस्तातलं पॅनेल घेऊ नका.

८ जुलैला लॅबचा फोन, दोन बदल सापडलेत पण ते दोन वेगवेगळ्या प्रतींवर आहेत की एकाच, हे बघायला आई-वडिलांचं रक्त लागेल. प्रत्येकी ४,५००. दोन्ही बदल एकाच प्रतीवर असते तर अर्थच बदलला असता. आई-बाबा साताऱ्याहून शिवशाहीने स्वारगेटला आले. बाबा रिटायर्ड क्लार्क, संमतीपत्र शब्दन् शब्द वाचणार. त्यात एक ओळ असते की या तपासणीतून नात्यासंबंधी अनपेक्षित माहिती कळू शकते. बाबांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, आईकडे बघितलं, आई म्हणाली करा की सही, चहा गार होतोय.

मग नऊ दिवस काहीच नाही. मी फोन केला तर कळलं आई-बाबांचे नमुने पोचलेत पण ते माझ्याशी जोडलेच नाहीत, कारण माझं आधारवर नवं आडनाव आणि त्यांचं जुनं. सिस्टिमला ते परकं कुटुंब. लग्नाचं सर्टिफिकेट मेल केलं, मग जोडले. तुमचं आडनाव बदललं असेल तर फॉर्मवर पहिल्याच दिवशी दोन्ही नावं लिहा, आणि नमुन्याचा बारकोड नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

१ ऑगस्टला रिपोर्ट. २८ दिवसांचे सात आठवडे. बाबांकडून सौम्य बदल, ज्यात २८२ व्या जागेवर व्हॅलिनच्या ऐवजी ल्युसिन (दोन्ही प्रोटीनचे घटक) आलंय, जुन्या पेपरांत तोच २८१ नंबरने असतो, दोन वेगळे समजून घाबरू नका. आणि आईकडून तीव्र बदल, इंट्रॉन २ नावाच्या जीनच्या भागातला.

पुढचे दिवस रिपोर्टपेक्षा जड गेले. आमच्या घरात बारा वर्षं कुणी विचारलं नव्हतं हे का झालं, आता एका आठवड्यात सगळ्यांनी विचारलं हे कुणाकडून आलं. बाबा म्हणाले माझं सौम्य आहे ना. सौम्य! जणू मार्क पडलेत. आई काहीच बोलली नाही, दोन दिवसांनी रात्री फोन करून म्हणाली, मी तुला सातव्या वर्षी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. सासूबाई म्हणाल्या आमच्याकडे असलं काही नाही. तेही बरोबरच, कुणाकडेच काही नसतं जोपर्यंत कुणी तपासत नाही. दुसऱ्या काउन्सेलिंगला, परत १,५००, मी मुद्दाम सगळ्यांना घेऊन गेले, सासूबाईंना पण. काउन्सेलर त्यांना म्हणाल्या, काकू, तुम्ही, मी, ही, आपण सगळेच अशा काही ना काही बिघडलेल्या प्रती घेऊन फिरतोय. सासूबाई परत येताना रिक्षात गप्प होत्या आणि नळस्टॉपला सिग्नलला म्हणाल्या, अमेयचं रक्त कधी द्यायचंय?

अमेयचं, म्हणजे नवऱ्याचं, ३ ऑगस्टला आधीच दिलं होतं. त्याची पूर्ण तपासणी, १७,५००, कारण त्याच्यात कुठला बदल शोधायचा हे माहीत नसतं. रिपोर्ट आला ६ सप्टेंबरला, हरतालिकेच्या दिवशी संध्याकाळी. मी दिवसभर उपाशी, दुसऱ्या दिवशी गणपती, हॉलमध्ये मखराचा पसारा, अमेय स्टुलावर चढून लाइटची माळ लावत होता आणि मेल माझ्या फोनवर आला. मी पीडीएफचा पासवर्ड तीनदा चुकवला. बदल आढळला नाही. शंभर टक्के कुठलीच टेस्ट सांगत नाही, अगदी थोडी शक्यता उरते हे त्यातच लिहिलेलं असतं. आमची मुलं माझ्याकडची एक प्रत घेऊन वाहक मात्र असणारच, ती सौम्य की तीव्र एवढंच. मी त्याला खालूनच म्हणाले, निल आहे. तो म्हणाला काय निल, आणि मग स्टुलावरून उतरला.

१२ सप्टेंबरला औषध सुरू, हायड्रोकॉर्टिसोन, छोटा डोस. बाहेरून थोडं कॉर्टिसोल मिळालं की मेंदू अॅड्रिनलला एवढ्या ऑर्डरी पाठवत नाही आणि गल्लीतली गर्दी कमी होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सगळ्यांना हे लागत नाही, बऱ्याच जणींना औषधाशिवायही दिवस राहतात, तुझी पाळी येत नाही आणि मूल हवंय म्हणून देतोय. डेक्सामेथासोन हे दुसरं स्टिरॉइड दिलं नाही कारण ते वारेतून बाळापर्यंत पोचतं, हायड्रोकॉर्टिसोन वार बरंचसं निष्क्रिय करते. स्टिरॉइड म्हटल्यावर शेजारच्या काकूंपासून सगळ्यांनी सल्ले दिले. गोळ्या महाग नाहीत पण प्रत्येक मेडिकलमध्ये नसतात, आठवडाभर आधी सांगून ठेवते. मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, ताप-उलट्या झाल्या तर डोस वाढवायचा, आणि पर्समध्ये एक चिठ्ठी कायम, मी ही गोळी घेते म्हणून.

पाळी आली २१ ऑक्टोबरला. गोळ्यांशिवाय, आपली आपण. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये उभी राहून कॅलेंडरमध्ये नोंद केली आणि बाहेर येऊन जीएसटीचं काम केलं. पुढच्या दोन चौतीस आणि एकतीस दिवसांनी. हनुवटीवरचे केस आहेत तसेच, ते आधीच जाड झालेले या औषधाने फारसे जात नाहीत, त्यासाठी लेझर वेगळं करावं लागेल. गोड बातमी विचारू नका, अजून नाही. डिसेंबरला शेवटची व्हिजिट झाली. फाईलचा एकूण हिशोब जानेवारी २४ पासून ७२,५५० रुपये, त्यात औषधं आणि रिक्षा धरलेल्या नाहीत.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, आईबरोबर वाईजवळ मामाकडे गेले होते. आज्जी चौऱ्याऐंशीची आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सगळं वाचते. मी तक्त्याची झेरॉक्स नेली होती, मामाला दाखवायला, कारण त्याची पण मुलं आहेत लग्नाची, पण कागद आज्जीनेच घेतला. बोट फिरवत विचारत गेली, ही मी का, हे तुझे आजोबा का, आमच्यात दोन रेघा कशाला. म्हटलं नात्यातलं लग्न म्हणून. हसली. मग छोट्या चौकोनावर बोट थांबलं. हा दिगू? हो म्हटलं. तिने नखाने ती तिरकी रेघ खरवडून बघितली, जाते का. म्हणाली, बाकी कुणीच त्याला कागदावर घेतलं नव्हतं गं. आणि घडी घालून कागद पोथीत ठेवला, मला परत दिलाच नाही. मामाला दुसरी झेरॉक्स पाठवावी लागली.

धाकटी बहीण पंचवीसची आहे, तिला पिंपल्स सोडले तर काहीच त्रास नाही, पण सख्ख्या भावंडात चारात एक शक्यता असते म्हणून तिलाही सांगितलंय, आणि ती दोन महिने टाळत होती. काल रात्री तिचा मेसेज आला, ताई आज पहिला दिवस, परवा सातला ना? मी लिहिलं पावणेसात. आणि गमीज बंद केल्यास का?